कुलाबा किल्ल्यावर शिजवलेला भात

सासूचं मनगट मी सोडलं तेव्हा पाणी माझ्या छातीला लागलं होतं. दोन वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावर होती. तिने माझे केस मुठीत धरले होते. लाट आली तशी ती मागे कलंडली. माझ्या एका हातात तिचा पाय होता आणि दुसऱ्या हातात सासूचं मनगट. सासूचं दुसरं मनगट पलीकडून नवऱ्याने धरलं होतं. मूल सावरायला दोन हात लागत होते, म्हणून मी मनगट सोडलं.

"सोडू नको गो!" सासू ओरडली. तोवर सोडून झालं होतं.

समोर अलिबागचा किनारा होता. वाळूवर वाळत घातलेली जाळी दिसत होती, इतका जवळ. मागे कुलाब्याचा किल्ला होता, जिथून आम्ही निघालो होतो. दोन्हीकडे जमीन आणि मध्ये आम्ही चौघं. मी, माझी मुलगी, नवरा आणि त्याची आई.

हे सगळं एका पातेलीभर भातामुळे झालं असं मी बरीच वर्षं म्हणत असे. ते खरं नाही. भात फक्त उशिराला कारण झाला.

माझं सासर उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरातली वाडी. नवरा तीन वर्षं मुंबईत गिरगावच्या एका खाणावळीत होता. आधी वाढपी होता, मग चुलीपाशी घेतलं. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. त्या वर्षी माघात त्याचं पत्र आलं की मालकाने पाच दिवस सुट्टी दिली आहे, आईला घेऊन ये, मुंबई दाखवतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पत्र मीच वाचून दाखवलं.

"मला नाय बघायची मुंबई," सासू म्हणाली.

पुढची ओळ मी वाचली. शेवटच्या दिवशी अलिबागला जाऊ आणि समुद्रातल्या किल्ल्यातला गणपती दाखवू, असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने तांदूळ निवडायला घेतले.

पोलादपूरपर्यंत चालत, तिथून मोटारीने महाड करून धरमतर, आणि धरमतरहून बोटीने मुंबई. सासूबरोबर एक गाठोडं होतं. त्यात तांदूळ, कुळथाचं पीठ, सुक्या मिरच्या, पोहे, गूळ आणि एक लहान पितळी पातेली. ती बाहेरच्या चुलीचं काही खात नसे. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हता. माझे सासरे एका जत्रेला गेले, तिथल्या पंगतीत जेवून आले आणि दुसऱ्या दिवशी पटकीने गेले. तेव्हापासून तिने परक्या हातचा घास घेतला नव्हता. बारा वर्षं. तिला वाटलं होतं मुंबईत मुलाच्या खोलीवर रांधून खाऊ. पण त्या खोलीत चूलच नव्हती. पोलादपूरकडचे आठ गडी एका खोलीत राहायचे आणि सगळे खाणावळीत जेवायचे. आम्ही आलो म्हणून ते चार रात्री बाहेर गॅलरीत झोपले. चाळीचा मालक खोलीत विस्तव पेटवू देत नव्हता.

म्हणून सासू चार दिवस भिजवलेले पोहे आणि गूळ खाऊन राहिली. केळी खाल्ली, कारण केळ्याला साल असते.

मी मात्र सगळं खाल्लं. इराण्याच्या हॉटेलात बशीतून चहा प्याले आणि मस्का लावलेला पाव खाल्ला. चौपाटीवर भेळ खाल्ली. कुल्फी खाल्ली, दात दुखले तरी दुसरी मागितली. सासू शेजारी पदराने तोंड झाकून बसायची.

"ही पोर मेली तर हितंच जाळ रे," ती मुलाला म्हणाली. "गावाला नको आणू. मोटारीत वास येईल."

"आये, लोक बघतायत."

"बघू दे की. त्यांना पण सांगते, नका खाऊ."

ट्रामने फिरलो. राणीच्या बागेत वाघ दाखवला. सासू म्हणाली, "ह्यो आमच्याकडं रानात फिरतो, त्याला बघायला एवढ्या लांब कशाला आणलंस?" बोलपट तेव्हा नवे होते. संध्याकाळच्या खेळाला नवरा आम्हाला घेऊन गेला. पडद्यावरची बाई गायला लागली तशी मुलगी घाबरून रडायला लागली, म्हणून मी अर्धा खेळ दाराशी उभी राहून बघितला. सासू खुर्चीत झोपली. बाहेर आलो तर रस्ताभर विजेचे दिवे, बँड वाजत होता, बायका नटून फिरत होत्या. नवरा आईकडे बघत होता. तिला काही आवडतंय का हे त्याला बघायचं होतं. आणि तिला फक्त भूक लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिला खाणावळीत नेलं. मालकाला आधी सांगून ठेवलं होतं. गिऱ्हाइकं उठल्यावर आम्हाला आत बसवलं, पाट मांडला, केळीचं पान टाकलं. नवऱ्याने स्वतः रांधलं होतं. वरणभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, वर साखरभात. वाढपी, भांडी घासणारा, दुसरा स्वयंपाकी, सगळे दारात उभे राहून बघत होते.

सासूने पानाला हात जोडले. मग पाणी हातावर घेतलं, परत तांब्यात सोडलं आणि उठली.

"आये, मी केलंय. माझ्या हातचं हाय," नवरा म्हणाला.

"हात तुझा हाय. चूल कुणाची हाय?"

दुसरा स्वयंपाकी हसला. वाईट हसला नसेल, पण हसला. नवऱ्याने ते पान उचललं आणि आत नेलं. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी अंधारात म्हटलं, "त्यांचं मनावर घेऊ नका." तो म्हणाला, "गप झोप."

हे सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही, म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी पहाटे धक्क्यावरून बोट धरली. रेवसला उतरून मोटारीने अलिबाग. बेत असा होता की दर्शन झालं की आम्हा बायकांना महाडकडच्या मोटारीत बसवून द्यायचं, आणि नवऱ्याने संध्याकाळच्या बोटीने मुंबईला परत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी उभं राहायचं होतं. मालकाने बजावलं होतं, नाही आलास तर दारात दुसरा उभा आहे.

ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत वाळू आणि खडक उघडे पडले होते. मध्ये एका पट्ट्यात घोट्याएवढं पाणी, बाकी चालत. किनाऱ्यावर एक कोळीण जाळं शिवत होती. तिने आम्हाला बघून हाक मारली, "दर्शन घ्या नि लगेच फिरा. आता पाणी वळंल."

"हो हो," नवरा म्हणाला.

गणपतीचं देऊळ बघून सासूचा चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. तिने बाहेरच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. समुद्राच्या मध्ये गोडं पाणी. ती तीन ओंजळी प्याली. मग गाठोडं सोडलं आणि तीन दगड शोधायला लागली.

"आये, काय करतीस?"

"भात टाकते. देवाला दाखवते. मग जेवूया."

"टाइम नाय आये. पाणी वळंल म्हणाली ती बाई."

सासू दगड मांडता मांडता थांबली. "चार दिवस तू मला लोकांच्या चुलीवर बसवलंस. आज माझ्या हातचं जेव. मग जा तुझ्या मुंबईला."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मुलीचं तोंड पदराने पुसत होते. तो गेला आणि पडक्या तटापाशी वाळलेल्या काटक्या गोळा करून घेऊन आला.

तांदूळ जुना होता, शिजायला वेळ लागला. काटक्या समुद्राच्या वाऱ्याने दमट, धूर फार. भात झाल्यावर तिने त्याच पातेलीच्या झाकणात कुळथाचं पिठलं केलं. देवाला दाखवलं. आम्ही पानांवर जेवलो. नवरा तीनदा मागून जेवला आणि हसला. "खाणावळीत असलं कुणाला जमायचं नाय," म्हणाला. सासूने त्याला आणखी वाढलं. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मला तटाच्या फटीतून पाणी दिसत होतं.

मी तुडीलची. माहेर सावित्रीच्या काठी, जिथे नदीला भरती येते. लहानपणी रोज बघितलं आहे. भरतीचं पाणी वरून येत नाही, खालून येतं. आवाज करत नाही. लाल नसतं, गढूळ नसतं. आत्ता इथे दगड होता आणि आता नाही, एवढंच दिसतं. आम्ही पोरी त्याच्यात उड्या मारायचो. पालथं पडून, उताणं पडून तरंगायला मला तिथेच आलं.

मी सासूला आत्या म्हणत असे. म्हटलं, "आत्या, पाणी भरतंय. माझ्या माहेरी असंच भरतं."

"जेव गप."

आम्ही दरवाजापाशी आलो तेव्हा वाळूचा मधला पट्टा गेला होता. देवळात झाडलोट करणारी म्हातारी मागून आली. "आता बसा हितंच," ती म्हणाली. "रातच्याला सुकलं की जा. देऊळ हाय, पाणी हाय, काय कमी हाय तुम्हाला?"

"रातच्याला सुकलं तर माझी नोकरी पण सुकंल," नवरा म्हणाला.

सासू खाली उतरून पाण्याजवळ गेली. डोंगरात नदी ओलांडायची एक रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. तिच्यामुळे आमच्या वाडीतली माणसं वाचली आहेत. आधी पाण्याचा रंग बघायचा. लाल असेल, काड्या-पाला वाहत असेल, तर वर कुठेतरी पाऊस पडतोय, बसून राहायचं. नितळ असेल, तळ दिसत असेल, तर जायचं. जाताना एकमेकांची मनगटं धरायची, कडेच्याने मनगट सोडायचं नाही, आणि अंगाने दांडगा असेल त्याने वरच्या बाजूला राहायचं, म्हणजे पाण्याचा जोर तो खातो.

सासूने वाकून बघितलं. "तळातली वाळू दिसतीय की. काडी नाय, कचरा नाय. हे कसलं भरतंय?"

"आत्या, समुद्राचं पाणी नितळच भरतं."

"तुझं माहेर राहू दे तिकडं. आम्ही काय नदी बघितली नाय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो किनाऱ्याकडे बघत होता. तिथे मोटारीचा टप लांबून चमकत होता. त्याच्या मनात बोटीची वेळ होती. मला तेव्हा सतरावं लागलं होतं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. देवळाच्या पायरीवर मुलीला घेऊन बसून राहायला हवं होतं, मग त्यांना थांबावंच लागलं असतं. मी तसं केलं नाही. मुलीला खांद्यावर घेतलं आणि लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

उतरताना नवऱ्याने विचारलं, "आये, वरची बाजू कंची?"

सासू थबकली. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. समुद्राला वरची बाजू नसते. तिने थोडा वेळ बघितलं आणि उजवीकडे बोट दाखवलं, कारण त्या बाजूने लाटा येताना दिसत होत्या. नवरा उजवीकडे झाला, मध्ये सासू, डावीकडे मी. सासूच्या डोक्यावर पातेली, तिच्यात फडक्यात बांधलेला उरलेला भात.

गुडघ्याएवढं पाणी बराच वेळ होतं. नवरा म्हणाला, "बघ, काय नाय." मग मांडीला लागलं. मग कमरेला. पायाखाली खडक होते, शेवाळलेले. सासूचा पाय घसरला, आम्ही दोघांनी ओढून उभं केलं. पातेली डोक्यावरून पडली आणि तरंगत गेली. ती तिकडे बघायला लागली.

"जाऊ दे आये."

"माझ्या आईची हाय ती."

"जाऊ दे म्हणतो ना!"

मला पाणी पायाला ढकलताना कळत होतं. उजवीकडून लाटा येत होत्या हे खरं, पण तळातला जोर डावीकडून होता, माझ्या बाजूने. किल्ल्याला वळसा घालून पाणी दोन्हीकडून आत येत होतं आणि मधल्या खोलगट पट्ट्यात भरत होतं. तोच पट्टा, सकाळी घोट्याएवढा. आम्ही त्याच्या मध्यावर होतो. मी म्हटलं, "मागे फिरा." नवरा म्हणाला, "आता मागं पण तेवढंच हाय." ते बरोबर होतं.

किनाऱ्यावरची कोळीण उभी राहून दोन्ही हात हलवत होती. ती काय ओरडते ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. मग ती पळत गेली.

तेव्हा ती लाट आली. मोठी नव्हती. मुंबईत बघितलेल्या लाटांपुढे काहीच नव्हती. मुलगी कलंडली, मी मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तिला धरलं.

पुढचं मी बघितलं, म्हणून लिहिते. सासूचा तोल माझ्या हातावर होता. तो हात गेल्यावर ती नवऱ्याच्या अंगावर गेली. त्याने तिचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिला कमरेला धरलं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, बुडणारं माणूस टाकतं तसे. दोघं खाली गेली. एकदा त्याचं डोकं वर आलं, तोंड माझ्याकडे होतं. तो पाणी ओकला. परत खाली गेला.

मी उताणी पडले. मुलीला छातीवर घेतलं. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती किंचाळत होती. किंचाळते आहे तोवर जिवंत आहे, एवढाच विचार होता. पाय मारत राहिले. डोळ्यांवर ऊन होतं. किती वेळ ते सांगता येत नाही. पाठीला वाळू लागली तेव्हा उठून बसले.

कोळिणीने तिच्या नवऱ्याला उठवून होडी काढायला लावली होती. दोघंही होडीत होते. सासूच्या लुगड्यात हवा भरून ते फुगलं होतं, त्याला धरून तिला वर घेतलं. माझा नवरा दिसला नाही. ते दोघं पाणी वर चढेपर्यंत होडी फिरवत होते.

सासूला वाळूवर पालथी घालून पाणी काढलं. कोळिणीने तिला घरात नेऊन कोरडं लुगडं नेसवलं आणि वाटीत गरम पेज दिली. सासूने वाटी धरली आणि प्याली. कुणाची चूल ते विचारलं नाही. मी बाहेर मुलीला घेऊन पाण्याकडे बघत बसले होते. महाडकडची मोटार सुटली. नंतर रेवसकडची पण सुटली.

रात्री पाणी ओसरलं, जसं ती झाडणारी म्हातारी म्हणाली होती. कंदील घेऊन माणसं त्या पट्ट्यात फिरली. घोट्याएवढं पाणी होतं. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेला किनाऱ्याला लागला. मी बघून ओळखलं. त्याच्या कोपराखाली सासूच्या नखांचे ओरखडे होते. तिथेच जाळला.

आम्ही दोघी उमरठला परत आलो आणि एका घरात एकोणीस वर्षं राहिलो. लोकांना वाटायचं आम्ही भांडत असू. भांडायला वेळ नव्हता, शेत होतं. हात सोडल्याचं तिने कधी काढलं नाही. भाताचं मी कधी काढलं नाही. एवढं मात्र झालं की पुढच्या पावसाळ्यापासून नदीशी आलो की ती थांबायची. पाणी नितळ असलं तरी थांबायची.

"काय म्हणतीस गो?" विचारायची. "जायचं?"

मी बघायचे आणि सांगायचे. मी नाही म्हटलं की ती दगडावर बसायची, कधी कधी अख्खी दुपार. तिच्या शेवटच्या वर्षापर्यंत हे चाललं.

त्या दिवशी कुलाब्याच्या पाण्यात आम्ही चौघं उतरलो होतो. सासू जगली, मुलगी जगली आणि मी जगले.